सुरतेचे महाजन आणि नगरसभा

महाराष्ट्रीय माणसाच्या मनात सुरत हे नाव बहुधा दोन प्रसंगांशी जोडलेले असते. पहिला प्रसंग शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचा. एक स्वारी १६६४ च्या जानेवारीत झाली आणि दुसरी १६७० च्या ऑक्टोबरात. दुसरा प्रसंग १९०७ च्या डिसेंबरातील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा. लोकमान्य टिळक व्यासपीठावर हात बांधून उभे राहिले, मराठी घडणीचा एक जोडा मंडपातून भिरभिरत आला आणि सभा दुभंगली. दोन्ही प्रसंगी आपण सुरतेत पाहुणे म्हणून गेलो आणि गडबड उडवून परतलो. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात आणि त्यानंतरही ते शहर जगले कसे, बुडाले कसे आणि पुन्हा वर आले कसे, याची विचारपूस आपण फारशी केलेली नाही.

तशी विचारपूस करण्याचे निमित्त मला इतिहासाच्या आवडीतून मिळाले नाही. ते माझ्या व्यवसायातून मिळाले. आमच्या शहरात एक जुने देवस्थान आहे. त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. देवळासमोर रस्त्याला लागून देवस्थानच्या मालकीची नऊ दुकाने आहेत. फुलवाला, तेलाचा व्यापारी, भांडीवाला, वह्या-पुस्तकांचा दुकानदार असे पिढीजात भाडेकरू तेथे बसतात, आणि त्यांच्या भाड्यावर नंदादीपाचे तेल, नैवेद्य आणि भटजींचा तनखा चालतो. गेल्या वर्षी महापालिकेची नोटीस आली की, रस्त्याची नियमित रेषा ठरली असून या नऊ दुकानांचा पुढचा भाग त्या रेषेत येतो, तो काढून टाकावा लागेल. समितीने मला बोलावले. सर्व बोलून झाल्यावर एका वयोवृद्ध महाजनांनी विचारले, "वकीलसाहेब, खटल्याचे मागून बघू. रस्ता रुंद झाल्याने पेठ सुधारते की मरते, एवढे आधी सांगा." त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. कायद्याच्या पुस्तकात ते नव्हते. मग ज्या शहरात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली त्याचा इतिहास काढून बसलो, आणि ते शहर सुरत निघाले.

आरंभ एका शब्दापासून करतो. आपल्या देवस्थानांत 'महाजन' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. गोमंतकात तर पोर्तुगीज सरकारने १९३३ साली देवस्थानांसाठी कायदाच केला आणि महाजनांचे हक्क व कर्तव्ये लेखी नोंदवून ठेवली. महाजन म्हणजे देवाचा कारभार पाहण्याचा वंशपरंपरागत अधिकार असलेला मनुष्य. सुरतेतही हाच शब्द आहे, पण तेथे तो बाजारात उभा आहे. तेथील महाजन म्हणजे एकेका धंद्याच्या व्यापाऱ्यांची पंचायत. कापडवाल्यांचे महाजन निराळे, सराफांचे निराळे, आणि या सर्वांवर नगरशेठ. मालाचे भाव, वजनमापे, सुट्टीचे दिवस, आपसांतील तंटे यांचा निवाडा महाजन करीत. प्रत्येक व्यवहारावर अल्पसा लागा बसवून त्यातून पांजरपोळ आणि धर्मादाय कामे चालवीत. ज्याने महाजनांचा शब्द मोडला त्याची पत गेली. गुजरातीत 'आबरू' हा शब्द अब्रू आणि पत या दोन्ही अर्थांनी चालतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाजारात उधारी न मिळणे आणि चारचौघांत मान न मिळणे या त्या लोकांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

मोगलांच्या अमदानीत सुरत हे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. अकबराने ते १५७३ साली घेतले. मक्केच्या यात्रेकरूंचे ते प्रस्थानाचे ठिकाण होते. इंग्रज आणि डच यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच तेथे वखारी घातल्या. वीरजी व्होरा यांच्यासारखे सावकार इंग्रजांना कर्जे देत. इतक्या संपन्न शहराला १६६४ साली धड तटबंदी नव्हती. शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि नगर उघडे पडले. जकात वसूल करणारे राज्य जकात देणाऱ्याचे रक्षण करीत नाही, हे त्या चार-पाच दिवसांत सर्वांना दिसले. पुढे औरंगजेबाने व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली आणि शहराभोवती विटांचा तट बांधविला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी त्याबाहेर दुसरा तट झाला. जुनी सुरत या दोन तटांच्या आत वाढली. तिच्या गल्ल्या अरुंद का आहेत, याचे एक कारण येथे आहे. तटाच्या आत जागा मोजकी आणि सुरक्षितता मोलाची, म्हणून घराला घर चिकटले आणि ओट्याला ओटा भिडला.

या शहराच्या व्यापाऱ्यांनी राज्यकर्त्यांशी कसे वागावे याचा धडा १६६९ साली घालून दिला. त्या काळच्या सुरतेच्या काझीने बाटवाबाटवी आणि खंडणी यांचा जाच मांडला होता. तेव्हा भीमजी पारेख यांच्या पुढाकाराने सप्टेंबरात सुमारे आठ हजार वाणी कुटुंबप्रमुखांनी शहर सोडले आणि भडोच गाठले. मागे राहिलेल्यांनी दुकाने उघडली नाहीत. टंकसाळ आणि जकातघर ओस पडले. इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत या घटनेची तपशीलवार नोंद आहे. कोणी शस्त्र उचलले नाही. बाजार उठून गेला, एवढेच. अखेरीस बादशहाकडून आश्वासन आले आणि डिसेंबरात मंडळी परत आली. पाच वर्षांपूर्वी जे शहर तलवारीपुढे हतबल झाले होते, त्याच शहराने आता दिल्लीश्वराला नमविले. बाजारपेठ ही नुसती जागा नसते. ती माणसांच्या परस्परविश्वासाची एक घडी असते, आणि ती घडी जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येते, हे त्या राज्यकर्त्यांना उशिरा कळले. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

अठराव्या शतकात व्यापार मुंबईकडे वळला. लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीतील कसबी पारशी गृहस्थ १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्यामागून अनेक आले. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, १८०० साली कारभारही घेतला. मग १८३७ साली दुर्दैवाने कळस केला. २४ एप्रिलच्या संध्याकाळी मच्छलीपीठ भागात आग लागली, आणि लाकडी घरांच्या त्या दाट वस्तीत ती अशी पसरली की नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीचा महापूर आला. ज्यांची ऐपत होती ते मुंबईस गेले. जे उरले त्यांनी जुन्या जोत्यांवरच पुन्हा घरे उभारली. गल्ली रुंद करण्याची संधी होती, पण ती घेणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती.

तरीही महाजनांची शक्ती संपली नव्हती. १८४४ साली सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. ऑगस्टच्या अखेरीस सुरतेचा बाजार बंद झाला आणि लोक रस्त्यावर आले. सरकारने कर बारा आण्यांवर आणला. १८४८ साली बंगाली वजनमापे लादण्याचा बेत झाला, तोही लोकांनी एकमताने हाणून पाडला. याच १८४४ साली, याच शहरात, दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. त्या सहकाऱ्यांत मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. ते त्या वेळी सुरतेस शिक्षक होते. मुंबईस १८४९ साली जी परमहंस सभा निघाली तिचे बीज असे तापीच्या काठी पडले होते. सुरतेशी आपला संबंध केवळ लुटीचा नाही, हे सांगण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

१८५२ साली, १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये, सुरतेत नगरपालिका स्थापन झाली. येथून आपल्या कथेला खरे वळण लागते. आजवर बाजाराच्या वतीने महाजन बोलत होते, आता शहराच्या वतीने बोलणारी दुसरी एक संस्था आली. तिचे बिऱ्हाड पुढे लवकरच एका विलक्षण वास्तूत पडले. शहाजहानच्या काळात १६४४ साली हाजयात्रेकरूंसाठी बांधलेली मोगल सराई, जिला लोक मुगलीसरा म्हणतात, ती नगरपालिकेची कचेरी झाली. वाटसरूंच्या निवाऱ्यासाठी जी इमारत उभी राहिली, तिच्यात बसून शहराच्या वाटा ठरविल्या जाऊ लागल्या.

या नव्या कारभाराला आकार दिला तो कलेक्टर थिओडोर होप यांनी. रस्ते सरळ आणि रुंद करणे, पुढे आलेले ओटे व सज्जे काढविणे, आगीपासून आणि पुरापासून बचावाची व्यवस्था करणे, बाजारांना शिस्त लावणे असा त्यांचा धडाका होता. तापीवरचा होप पूल १८७७ साली त्यांच्याच नावाने उभा राहिला. होपसाहेबांची सुधारणा खरी होती, पण तिचा खर्च करांतून निघत होता आणि ज्यांचे ओटे गेले त्यांना विचारणारे कोणी नव्हते. सभासद सरकारने नेमलेले असत. पुढे १८८० नंतर लॉर्ड रिपन यांच्या धोरणाने निवडणुका आल्या तरी मताधिकार मोजक्या करदात्यांपुरताच राहिला. साहेब बोलत आणि शेठजी मान डोलावीत, असा बहुधा प्रकार. जो विरोध सभागृहात बोलता आला नाही तो बाजारात बोलला. १८७८ च्या एप्रिलमध्ये व्यापारावरील परवाना कराविरुद्ध सुरतेने हरताळ पाळला, दंगल झाली, गोळीबार झाला. ज्यांच्यावर खटले झाले त्यांच्या बाजूने तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि आरोपी सुटले. मुंबई महापालिकेच्या इतिहासात ज्यांचे नाव पुढे सर्वांत मोठे झाले, त्या मेहतांना नगरकारभाराचा हा उलटा चेहरा सुरतेत जवळून पाहावयास मिळाला.

विसाव्या शतकात नगरपालिका ही लोकांचे व्यासपीठ झाली. असहकाराच्या चळवळीत सुरतेच्या राष्ट्रीय पक्षाच्या सभासदांनी नगरपालिकेच्या शाळांवरील सरकारी नियंत्रण झुगारले, आणि १९२२ साली सरकारने नगरपालिकाच बरखास्त करून कारभार आपल्या समितीकडे घेतला. स्वातंत्र्यानंतर, १ ऑक्टोबर १९६६ रोजी, सुरत महानगरपालिका झाली. १९०१ साली ज्या शहराची वस्ती एक लाख एकोणीस हजार होती, ते २०११ च्या शिरगणतीत सव्वाचव्वेचाळीस लाखांच्याही पुढे गेले. जर, रेशीम, मग कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिऱ्यांचे पैलू यांनी हे घडविले. या वाढीत खानदेशातून गेलेल्या आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. लिंबायत, उधना या भागांत मराठी कानावर पडते आणि महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. यंत्रमागावर राबणारा हा माणूस जुन्या अर्थाने महाजन नव्हे. महाजनांच्या पंचायतीत त्याला जागा नव्हती, नगरसभेत मात्र त्याला मत आहे. जुन्या व्यवस्थेबद्दल हळवे होताना हा फरक आपण विसरू नये.

आता थोडे कायद्याचे. वाचकांनी कंटाळू नये, कारण येथेच आमच्या नऊ दुकानांचे मर्म आहे. सुरत महापालिका ज्या कायद्याखाली झाली तो १९४९ सालचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले तरी हाच कायदा दोन्ही राज्यांत राहिला. पुढे दोन्हीकडे त्याचे नाव बदलले, पण सांगाडा तोच आहे. त्याच्या २१० व्या कलमान्वये रस्त्याची नियमित रेषा ठरते. नवी रेषा आयुक्तांना एकट्याने ठरविता येत नाही. तिला महापालिकेची मान्यता लागते, त्या सभेपूर्वी जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि आलेल्या लेखी हरकतींचा विचार करावा लागतो. एकदा रेषा ठरली की २१२ व्या कलमान्वये रेषेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाला कारणे दाखवा नोटीस जाते. भाग काढल्यावर नुकसानभरपाई मिळते, परंतु ती ठरविताना उरलेल्या मालमत्तेची किंमत रस्त्यामुळे वाढली किंवा घटली तर तेही हिशेबात धरतात.

या मांडणीतील दोन गोष्टी सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाहीत. एक, आपल्या दारात नोटीस येते तेव्हा मुख्य निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. रेषा कोठून जावी यावर बोलण्याची जागा नगरसभेची ती बैठक होती, आणि वेळ होती तिच्या आधीचे काही आठवडे. दुसरी गोष्ट, भरपाईच्या कलमात शब्द आहे तो मालक. भाडेकरू दुकानदाराचा धंदा बसला, गिऱ्हाईक तुटले, तर त्याची भरपाई या कलमातून निघत नाही. म्हणजे ज्याची भिंत जाते त्याला पैसे, आणि ज्याची पोटाची वाट जाते त्याला काही नाही. जुन्या महाजनांनी असा निवाडा दिला असता काय, हे मी स्वतःलाच विचारतो.

मोकळ्या शेतजमिनीवर शहर वाढते तेथे याहून न्याय्य असा एक मार्ग आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून तो आपल्याकडे आहे आणि गुजरातने १९७६ च्या कायद्याखाली तो विशेष निष्ठेने चालविला आहे. त्याला नगररचना योजना म्हणतात. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांना जागा काढावयाची, आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत द्यावयाची. प्रत्येकाचे थोडे जाते आणि कोणी पूर्ण उखडला जात नाही. मालकांची सभा भरवून त्यांना योजना समजावून सांगावी लागते. सुरतेची नवी उपनगरे पुष्कळशी अशी झाली आहेत. परंतु जुन्या पेठेत, जेथे इंच इंच बांधलेला आहे, तेथे ही युक्ती सहज चालत नाही. तेथे रेषा ओढावी लागते आणि भिंत मागे घ्यावी लागते.

सुरतेत ती कशी घेतली गेली? १९९४ च्या सप्टेंबरात पुराच्या चिखलानंतर सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून निघाले. १६६९ साली बाजार निषेधाने उठला होता, आता तो भयाने उठला. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून अधिकाऱ्यांना अधिकार वाटून दिले, रोज सकाळी त्यांना रस्त्यावर उभे केले, आणि अनधिकृत बांधकामे पाडावयास घेतली. त्यांनी आरंभ टपरीवाल्यापासून केला नाही, धनिकांच्या मोठ्या इमारतींपासून केला. ही गोष्ट निर्णायक ठरली. श्रीमंताचा सज्जा पडलेला पाहिल्यावर जुन्या शहरातील दुकानदार पुढे आले, रस्ते रुंद होऊ लागले, आणि अनेकांनी आपल्या इमारतीचा पुढचा भाग आपल्याच हाताने काढून घेतला. १९९६ साली इंटॅक या संस्थेने चंडीगढच्या पाठोपाठ सुरतेला देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरविले. पेठ मेली नाही. उलट वाहने आत येऊ लागली, आणि आरोग्य सुधारले तसा धंदाही सावरला. आमच्या वृद्ध महाजनांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. रुंद रस्त्याने पेठ मरत नाही, रेषा सर्वांना सारखी लागली तर.

उरलेले अर्धे उत्तर अलीकडच्या काळात आहे. २०२१ च्या जानेवारीत सुरत मेट्रोची कोनशिला बसली. तिचा एक भाग स्थानकापासून चौकबाजारापर्यंत जुन्या शहराच्या पोटातून जातो. या कामासाठी जुन्या पेठेतील रस्त्यांचे भाग दीर्घकाळ अडवावे लागले, आणि धंदा बुडाल्याची तक्रार दुकानदारांनी वारंवार केली. काम लोकोपयोगी आहे यात शंका नाही. पण दोन-तीन वर्षे गिऱ्हाईक न आलेल्या भाडेकरू दुकानदाराला भविष्यातील मेट्रोचे आश्वासन देऊन भागत नाही. भिंत न पडताही पेठ उपाशी राहू शकते.

दुसरे उदाहरण हिऱ्यांचे. सुरतेचा हिऱ्यांचा दलाली बाजार महिधरपुरा आणि वराछा येथे आहे. महिधरपुऱ्यात तर दलाल रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुडीतील हिरे दाखवितात. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो, पण त्या गोंधळातच प्रत्येकाची पत तोलली जाते. २०२३ च्या डिसेंबरात शहराबाहेर खाजोद येथे हिरेबाजाराची प्रचंड इमारत सुरू झाली. साठ लाख चौरस फुटांहून अधिक बांधकाम आणि चार हजारांहून अधिक कचेऱ्या. इमारत उभी राहिली, पण व्यापारी उद्घाटनाबरोबर उठून तेथे गेले नाहीत. बाजार म्हणजे परस्परविश्वासाची घडी असे मी वर म्हटले, ते येथे आठवावे. १६६९ साली भीमजी पारेखांच्या शब्दावर आठ हजार माणसे भडोचला गेली, कारण तो शब्द त्यांच्यातल्याच माणसाचा होता. बाजार हलविता येतो, पण तो बाजारानेच हलवावा लागतो.

कोणी म्हणेल की मग व्यापाऱ्यांच्या कलाने घ्यावे, नियम सैल करावे. सुरतेचा इतिहास त्यालाही उत्तर देतो. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला नावाच्या व्यापारी संकुलात आग लागली. वरच्या अनधिकृत मजल्यावर शिकवणी वर्ग चालत असे. बावीस जण मेले, त्यांतील बहुतेक विद्यार्थी होते. १८३७ च्या आगीच्या वेळी नियम करणारी संस्था नव्हती. २०१९ साली संस्था होती, नियम होते, अग्निशामक दलही होते. नव्हती ती नियम वेळीच पाळण्या-पाळविण्याची तत्परता. 'चालू द्या' या दोन शब्दांची किंमत कधी कधी मुलांच्या जिवाने मोजावी लागते. म्हणून नियमित रेषा आखणाऱ्या अधिकाऱ्याला मी शत्रू मानत नाही. आमच्या देवळासमोरच्या रस्त्यात रथाच्या दिवशी आगीचा बंब शिरू शकणार नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

हे सर्व मनाशी जुळवून मी पुन्हा समितीपुढे गेलो. पहिली गोष्ट मी जी सांगितली ती कोणालाच रुचली नाही. रेषा ठरविण्याच्या सभेची जाहीर नोटीस महापालिकेने वर्तमानपत्रात दिली होती आणि रस्त्यावरही लावली होती. ती आमच्या दीपमाळेपासून वीस पावलांवरच्या खांबावर चिकटवली होती. रोज शेकडो लोक तिच्यासमोरून देवदर्शनास गेले, त्यांत मीही होतो. एकानेही ती वाचली नाही, एकही लेखी हरकत गेली नाही. नगरसभेत आमच्या वॉर्डाचे सभासद आहेत, पण त्यांना भेटावयास कोणी गेले नाही. नव्याण्णव टक्के दोष कायद्याचा असेलही, पण उरलेला आपला आहे.

दुसरी गोष्ट. रेषेविरुद्ध खटला लढविण्यात अर्थ नाही, आणि तो लढवू नये. देवस्थानाने उद्या रथ, पालखी आणि बंब यांच्यासाठी रस्ता दिला तर ते देवाच्याच कामाला आले. मात्र तीन मागण्या लेखी कराव्यात. समोरच्या बाजूची मोठी दुकाने आणि आपली दुकाने यांना रेषा एकाच महिन्यात लागावी, कारण सुरतेत लोकांनी आपल्या हाताने भिंती काढल्या त्या या समानतेच्या भरवशावर. काम सुरू करण्याची आणि संपविण्याची तारीख आधी कळवावी, सणासुदीचे दिवस सोडून. आणि भरपाईचा आकडा पाडण्याआधी ठरावा.

तिसरी गोष्ट समितीच्याच हातातली होती, आणि खरी कसोटी तीच होती. कायदा भरपाई मालकाला देतो. मालक म्हणजे देवस्थान. ते पैसे देवाच्या खजिन्यात ठेवून भाडेकरूंना 'तुमचे तुम्ही बघा' असे सांगण्याचा अधिकार समितीला आहे. कायद्याने मी तो नाकारू शकत नाही. पण मग आपण महाजन कसले? सुरतेच्या महाजनांजवळ सैन्य नव्हते, सनद नव्हती. धंद्याच्या लहानातल्या लहान माणसाची पत राखणे हे आपले काम, एवढ्या एका समजुतीवर त्यांनी बादशहाला परतविले. तेव्हा भरपाईतील काही भाग भाडेकरूंना द्यावा, काम चालू असेतो भाडे माफ करावे, आणि उरलेल्या खोलीत त्याच नऊ जणांना बसवावे, असे मी सुचविले. भांडीवाल्याला जागा पुरणार नाही, त्याला मागच्या धर्मशाळेची एक खोली द्यावी.

वादावादी झाली. देवाचा पैसा देवाच्या कामाशिवाय खर्चता येईल काय, असा रास्त प्रश्न निघाला. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागेल, असे मी सांगितले, आणि तो अर्ज मी विनामूल्य करून देईन असेही सांगितले. ज्या वृद्ध महाजनांनी मला पहिला प्रश्न विचारला होता ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "फुलवाल्याचे दुकान चार हातांचे. रेषा गेल्यावर उरते किती?" मी नकाशा काढून दाखविला. दीड हात उरत होते. "दीड हातात हार ओवता येतात," ते म्हणाले, आणि त्यांनी ठरावाच्या कागदावर पहिली सही केली.

अर्ज सादर झाला आहे. नगरसभेच्या पुढील बैठकीच्या नोटिसा त्या खांबावर लागतात. आता त्या वाचण्याची पाळी आम्ही नऊ दुकानदारांत आणि समितीच्या सभासदांत वाटून घेतली आहे. या आठवड्यात पाळी माझी आहे.